वहीतलं पाणी

प्रयोगशाळेत दोघींना थोरली आणि धाकटी म्हणत. नातं काही नव्हतं, वयात बारा वर्षांचं अंतर होतं इतकंच. काम एकच. प्लॅटिनम आणि पॅलेडियमचे क्षार पाण्यात विरघळवायचे, त्यात काजळीसारखी कार्बनची पूड ढवळायची आणि जाड पोलादी भांड्यात घट्ट बंद करून सहा तास भट्टीत ठेवायचं. आत पाणी कडक तापलं की दोन्ही धातूंचे मिळून बारीक कण होत आणि कार्बनवर चिकटून बसत.

धाकटीच्या एका घाण्यात हे कण इतके एकसारखे निघाले की सरांनी तिची पाठ थोपटली. थोरलीला म्हणाले, "आता हेच दहा वेळा करून दाखवा."

धाकटीनं आपली वही मिटली. तो घाणा लावला त्या दिवशी डिस्टिल्ड, म्हणजे क्षार काढलेल्या पाण्याचा कॅन रिकामा होता. स्टोअरपर्यंत जायचा कंटाळा करून तिनं नळाचं पाणी घेतलं होतं आणि वहीत सवयीनं 'डिस्टिल्ड' लिहिलं होतं. एवढ्या कौतुकानंतर ते खोडायला तिचा हात धजावला नाही.

थोरली वहीत पाहून डिस्टिल्ड पाणीच घेई आणि तिच्या कणांच्या दरवेळी गुठळ्या होत. चार महिने झाले. एवढा मोलाचा धातू मातीत घालताय, असं सरांनी तिला चारचौघांत ऐकवलं. धाकटी मान खाली घालून भांडी घासत राहिली. घरी ती अर्ध्या ताटावरून उठली, आईनं विचारलं तर म्हणाली, "पित्त झालंय."

एका दुपारी थोरली डबा न उघडताच बसून होती.

"माझा हात थरथरतो का गं? बघ जरा," तिनं हात पुढे केला. "सरांना सांगते, मला नुसती वजनं करायला ठेवा."

हात अगदी स्थिर होता.

"ताई, तुमचं काही चुकत नाहीये," धाकटी म्हणाली. "मी नळाचं पाणी घेतलं होतं."

थोरलीनं डबा बाजूला सारला. मग म्हणाली, "त्यानंच फरक पडतोय, हे कधी लक्षात आलं तुझ्या?"

"पहिल्याच महिन्यात शंका आली होती."

"आणि मी रोज तुलाच विचारत होते, काय चुकतंय म्हणून."

दोघी सरांकडे गेल्या. थोरलीनं नळाच्या पाण्यात घाणा लावला. कण सुरेख निघाले. सरांनी धाकटीला वहीत दुरुस्ती करून खाली सही करायला लावली.

त्यानंतर थोरली कामापुरतं बोले. भांडं दे, तापमान सांग. धाकटी मागितलेलं लगेच हातात देई. याहून जास्त बोलणं मागायचं तोंड आपल्याला उरलं नाही, हे तिला कळत होतं.