नाकारल्याचं कारण

शिक्षक हा राष्ट्राचा कणा आहे. हरणीच्या शाळेच्या भिंतीवर हे वाक्य नलिनीबाईंनी स्वतः रंगवलं होतं, कारण साहेब पाहणीला यायचे होते आणि रंगारी आला नव्हता. शाळा गुजराती माध्यमाची, म्हणून वाक्यही गुजरातीत. शेवटच्या शब्दाला स्टूल डुगडुगलं आणि बाईंच्या पाठीत जी कळ गेली, ती अजून अधूनमधून येऊन जाते.

आत्ता त्याच भिंतीला पाठ टेकून त्या फोनवर बोलत होत्या. दुपारची सुट्टी होती, पोरं खिचडी खायला बसली होती. फोनच्या पडद्यावर अवंती. एकवीस वर्षांपूर्वी याच शहरातल्या लहरीपुऱ्याजवळच्या मराठी शाळेत बाईंच्या हाताखाली पहिलीत होती. आता सिंगापुरात शिक्षिका. सहा देशांतल्या शिक्षकांवर काम किती आणि ते वर चढतात कुठवर, याचा ती अभ्यास करत होती.

“बाई, आठवड्याला शिकवण्याचे तास किती?”

“कागदावरचे की वर्गातले?”

“वर्गातले.”

“मग मोजावे लागतील. सोमवारी जंताच्या गोळ्या होत्या. गोळी द्यायची, पोरानं गिळली का ते तोंड उघडायला लावून बघायचं, मग फोटो. मंगळवारपासून मतदारयादी, घरोघर.”

“ते ‘इतर कामं’मध्ये टाकते.”

“इतर कसली गं? तीच मुख्य. शिकवणं टाक इतरमध्ये.”

अवंती हसली. बाई विनोद करत नव्हत्या.

मुख्याध्यापक धवलसरांनी दारातून डोकं बाहेर काढलं. “नलिनीबेन, फोटा नाख्या के? गोळ्यांचे अजून वर पोहोचले नाहीत, दोनदा फोन आला.”

“नाखते, सर.”

“कोण आहे?”

“सिंगापूर.”

“त्यांना कहो, इथे पण दोन जागा खाली छे,” म्हणून डोकं आत गेलं.

“आमच्याकडे कसं आहे बाई,” अवंती सांगू लागली, “ज्यांना मुख्याध्यापक व्हायचंय त्यांची वाट वेगळी, विषयतज्ज्ञांची वेगळी. पण वर्गातच राहायचं असेल, तर शिकवता शिकवताही वर चढता येतं. आमच्या एक बाई तशाच चढल्यात.”

“वर्गात राहून?”

“हो.”

“आणि वर?”

“हो ना. जपानात मात्र तुमच्यासारखंच, संध्याकाळ झाली तरी शाळेतच.”

बाईंना जपानातल्या बायांबद्दल उगीचच आपलेपणा वाटला.

“आता चौदावा प्रश्न.” अवंतीनं कागद जवळ धरला. वाचण्याआधी तिचे ओठ हलले, आवाज मागून आला. “पदोन्नती कधी मिळाली होती का? नाकारली असल्यास कारण.”

मिळाली होती. त्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपता संपता मोठ्या हॉलमध्ये सगळ्यांना बोलावून सेवाज्येष्ठतेची यादी वाचली गेली. नलिनीबाईंचं नाव आलं. जागा हरणीची, मुख्याध्यापिकेची. हजर व्हायचं सोमवारी. मागे रिकाम्या होणाऱ्या पहिलीला नवीन माणूस जूनपर्यंत मिळणार नव्हता. पहिलीत एकोणीस मुलं. अठरा वाचत होती. एकोणिसावी शेजारणीच्या तोंडाकडे बघून नुसते ओठ हलवायची. बाई तिला रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास बसवत, आणि सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी ती कुणाकडे न बघता ‘कमळ’ म्हणाली होती.

“जूनमध्ये हजर झाले तर चालेल?” बाईंनी टेबलाशी जाऊन विचारलं होतं.

तसा रकाना नव्हता. मग नकार लेखी द्यावा लागला. टेबलावरच्या कारकुनानं भल्या मनानं सल्ला दिला, “बेन, मुलांचं-बिलांचं लखू नका. वरून प्रश्न येतात. वैयक्तिक लखा.” बाईंनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘वैयक्तिक कारणास्तव’. यादीतलं पुढचं नाव धवलभाईंचं होतं. ते चहाही न पिता हरणीला गेले. बाईंचं नाव यादीच्या तळाशी गेलं आणि तिथे त्याला करमलं असावं. ते पुन्हा वर आलं नाही.

पुढे पटसंख्या घटत मराठी शाळा बंद झाली. जादा ठरलेल्या बाईंना जिथे जागा होती तिथे पाठवलं. जागा हरणीला होती. म्हणजे हरणीला त्या पोहोचल्याच, फक्त खुर्चीऐवजी स्टूल मिळालं.

“बाई? आवाज येतोय ना?”

“येतोय. नाकारली होती.”

“खरंच? का हो?”

उत्तर तयार होतं. एकवीस वर्षं तयार होतं, आणि विचारणारी योग्य होती. ह्यापेक्षा योग्य कुणी मिळणार नव्हतं. मे महिन्यात बाई निवृत्त होणार होत्या, त्यानंतर कुणी विचारणारही नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं. पडद्यावर ती पोर पेन सरसावून बसली होती, आणि सांगितलं असतं तर ते जन्मभर तिनंच वागवलं असतं.

“वैयक्तिक,” बाई म्हणाल्या.

“म्हणजे घरचं काही?”

“तू वैयक्तिक लिही. एकदा कागदावर गेलेलं कारण बदललं की चौकशी लागते.”

अवंतीनं लिहिलं. मग पेन खाली ठेवून म्हणाली, “बाई, मला वाचायला फार उशिरा आलं होतं ना? आई अजून चिडवते.”

“उशिरा कसलं? होळीच्या आत आलं होतं.”

“तुम्हाला आठवतं?”

“फोटा, नलिनीबेन!” आतून आवाज आला.

“ठेवते गं,” म्हणून बाईंनी फोन ठेवला, आणि मतदारयादीची पिशवी खांद्याला लावली.

अहवाल मे महिन्यात आला, बाईंच्या निरोप समारंभाच्या दुसऱ्या दिवशी. रंगीत होता. कामाच्या तासांत जपानचा खांब उंच, सिंगापूरचा जिना तीन बाजूंनी चढणारा. भारत एकसष्टाव्या पानावर होता. ‘वैयक्तिक’ हे कारण तिथल्या पद्धतीनुसार ‘पदोन्नतीची इच्छा नाही’ या गटात घातलं होतं. भारतातल्या अशा शिक्षकांचं प्रमाण शंभर टक्के.

खाली बारीक अक्षरात टीप होती. प्रश्नावली चाळीस जणांना पाठवली होती. बाकीचे मतदारयादीच्या कामावर असल्यामुळे उत्तर एकच आलं.