तिसऱ्या पेल्याआधी धुतलेली पाटी

मी एक जुनी लाकडी पाटी आहे. मित्रांनो, माझा जन्म मॉरिटानियाच्या वाळवंटातला. मेहजूबा नावाच्या शिक्षिकेने मला घासून गुळगुळीत केलं. कोळसा आणि बाभळीचा डिंक कालवून ती शाई करायची आणि बोरूने माझ्यावर धडा लिहायची. मुलींना तो पाठ झाला की मला धुवायचं आणि ते पाणी झाडाच्या मुळाशी ओतायचं. माझ्याजवळ काहीच उरत नसे. राहायचं ते मुलींच्या डोक्यात.

तिथे एका बैठकीत चहाचे तीन पेले होतात. मेहजूबाचा नियम होता, की पहिल्यानंतर बघून म्हणायचं, दुसऱ्यानंतर न बघता म्हणायचं आणि तिसऱ्यानंतर धुवायचं. मधल्या वेळात थोडं विसरायला होई. ते पुन्हा आठवताना पाठांतर पक्कं होई.

मेहजूबाच्या वडिलांनी वाळवंटातल्या वाटेवरच्या विहिरींची कविता रचली होती. तिचा कागद वाळवीने खाल्ला होता; ती उरली होती फक्त मेहजूबाच्या डोक्यात. ती कविता मेहजूबाने सलका नावाच्या एकाच मुलीला शिकवायला घेतली. शेवटच्या चार ओळी उरल्या, त्या दिवशी सलकाला घाई होती. शहरातून तिचे वडील न्यायला आले होते. पहिल्याच पेल्यानंतर तिने मला धुतलं.

"आलं पाठ, मावशी!"

"मग म्हण."

सलकाने माझ्याकडे पाहिलं; मी कोरी होते. "आत्ता तर येत होतं!"

"डोळ्यांना येत होतं, पोरी. तुला कुठे येत होतं?"

बाहेर वडील हाका मारत होते. सलका गेली.

मग वह्या आल्या. मी तंबूच्या कोपऱ्यात धूळ खात पडले. माझी एक कड शेळीने कुरतडली.

तीस वर्षांनी सलका आली. मेहजूबा आता माणसं विसरत होती.

"मावशी, शेवटच्या चार ओळी सांग ना."

"कसल्या ओळी? आणि तू कोणाची गं?"

सलकाचे डोळे भरले. मग तिने शाई कालवली, चहा ठेवला आणि मला म्हातारीच्या मांडीवर ठेवलं. सलका ती कविता पहिल्यापासून म्हणू लागली. डिंकाचा वास सुटला. चहा उंचावरून पेल्यात पडू लागला. म्हातारीचं बोट माझ्या कुरतडलेल्या कडेवर ताल धरू लागलं. सलकाला येत असलेली शेवटची ओळ संपली, आणि पुढची ओळ मेहजूबाच्या तोंडून आली. मग आणखी एक. तिसरीसुद्धा. सलका भराभर माझ्यावर लिहीत होती.

चौथी आली नाही.

"चहा गार होतोय. बघत काय बसलीस?" मेहजूबा म्हणाली. "आणि पाटी धुवायची घाई करू नकोस. तू पहिल्यापासूनच उतावळी."

सलका रडता रडता हसली.

मित्रांनो, तेव्हापासून मला कोणी धुतलेलं नाही. माझ्यावर तीन ओळी आहेत आणि खाली एका ओळीची जागा कोरी आहे. तुमच्या घरातही कोणाला तरी काहीतरी एकट्यालाच येत असेल. त्यांच्याजवळ बसा आणि ते म्हणवून घ्या. मग आपण म्हणून दाखवा. चहा पुन्हा ठेवा आणि पुन्हा म्हणा.