हरणाची धाप

टीव्हीवर लांडगे हरणामागे धावतात तेव्हा टापांचा, गवताचा आणि धापेचा जो आवाज येतो, तो लांडग्यांचा नसतो आणि हरणाचाही नसतो. हे मी कुणाला सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग थोडा चिडतो, जणू मी त्याला इतकी वर्षं फसवलंय. फसवलंच आहे म्हणा. कॅमेरा लांब कुठल्या तरी टेकडीवर असतो. तिथून हरणाचे डोळेसुद्धा दिसतात, पण श्वास कसा ऐकू येणार? जंगलातून सिनेमा मुका येतो. त्याला आवाज आम्ही द्यायचो. आम्ही म्हणजे माझे बाबा आणि मी.

आमची खोली एका छापखान्यामागच्या इमारतीच्या तळघरात होती. खिडकी नाही, भिंतींना आवाज शोषणारा जाड नमदा, एका बाजूला पडदा. जमिनीवर लाकडी चौकटीत वाळू, दुसऱ्या चौकटीत खडी, कोपऱ्यात पत्र्याचं घंगाळ. त्या घंगाळातून मी आजवर किती नद्या ओलांडल्या असतील त्याचा हिशेब नाही. लांडग्याचे पंजे म्हणजे आईचे जुने लोकरी हातमोजे, त्यांच्या बोटांना कागदाला लावायच्या टाचण्या शिवलेल्या. हरणाच्या टापा म्हणजे चामडं लावलेले दोन लाकडी ठोकळे. आणि वाळलेलं गवत म्हणजे वाया गेलेल्या टेपचा भलामोठा गुंता. तो हातात धरून चुरगाळला की माळरान उभं राहायचं. नमद्याचा आणि त्या टेपचा कोंदट वास अजून कधीतरी एखाद्या जुन्या कपाटातून येतो आणि मी हातातलं काम विसरते.

बाबांना सगळे मास्तर म्हणायचे. शिकवलं त्यांनी फक्त मला, पण आवाज असा होता की समोरचा आपोआप सरळ उभा राहायचा. त्यांचा नियम एकच. दारावरचा लाल दिवा लागला की टेप फिरायला लागली, आणि टेप फिरतेय तोवर थांबायचं नाही. शिंक आली तरी नाही, घर कोसळलं तरी नाही. "चुकलीस तर चुकत पुढे जा," ते म्हणायचे. "पडद्यावरचा प्राणी तुझ्यासाठी थांबणार आहे का?" एकदा घोड्याच्या दौडीत माझ्या पायावर लोखंडी कडी पडली. मी ओठ चावून घोडा वेशीपर्यंत नेला आणि मगच रडले. बाबांनी पायाला बर्फ लावला आणि म्हणाले, "घोडा छान झाला."

लाल दिव्यात बोलायचंही नाही, हे वेगळं सांगायला नको. सूचना हातानेच. पंजा स्वतःकडे वळवला की 'जवळ', म्हणजे माईकपाशी सरकायचं, कारण पडद्यावर प्राणी आपल्याकडे येतोय. पंजा बाहेर ढकलला की 'लांब', म्हणजे मागे व्हायचं, प्राणी दूर चाललाय. घरीसुद्धा आमचं हेच चालायचं. मी जेवताना ताटावर फार वाकले की बाबा न बोलता पंजा बाहेर ढकलायचे. आई म्हणायची, "दोघंही कामातून गेलात."

गंमत अशी की जन्म आवाजात गेला आणि बाबांचा स्वतःचा आवाज कुठेही ठेवलेला नाही. त्यांना तो आवडायचा नाही. एकदा चुकून टेपवर बोलणं आलं, ते त्यांनी ऐकलं आणि कानाला खडा लावला. मी चोरून ठेवलेली एक टेप होती, त्यात ते आईशी भाजीवरून वाद घालत होते. ती त्यांनी शोधून काढली आणि तिचं गवत केलं.

मी सत्तावीस वर्षांची असताना जंगलवाला आमच्याकडे आला. त्याचं नावही आम्ही फारसं घ्यायचो नाही. दोन हिवाळे एका लांडग्यांच्या टोळीमागे घालवून आलेला माणूस, दाढी छातीपर्यंत, खुर्चीवर बसायचंच विसरलेला, जमिनीवर उकिडवा बसून बोलायचा. त्याच्या सिनेमात शेवटी चार मिनिटं दहा सेकंदांचा एक पाठलाग होता. चार लांडगे आणि एक हरीण. हरणाच्या पाठीवर जुन्या जखमेचा व्रण, म्हणजे आधी एकदा ते वाचलेलं. एकेक लांडगा दमून मागे पडतो. शेवटचा एकटा नदीपर्यंत येतो, हरीण पाण्यात उडी घेतं आणि तो काठावर उभा राहतो. बस.

"त्याच आठवड्यात त्यांची दोन पिल्लं मेली," जंगलवाला म्हणाला. "हे मी सिनेमात ठेवलेलं नाही. लोकांना हरीण वाचल्याचा आनंद घेऊ दे."

बाबांनी तो तुकडा पुन्हा एकदा लावून बघितला. मग म्हणाले, "ही लांडगा करेल. हरीण मी."

माझा पहिला लांडगा भयंकर होता. मी गुरगुरले, दात खाल्ले, घशातून खर्ज काढला. तालीमच होती, दिवा लागलेला नव्हता; बाबांनी मध्येच थांबवलं. "कुणावर चिडलीयस एवढी? हरणाने तुझं काय घोडं मारलंय?"

"लांडगा आहे ना तो."

"असेल. चार दिवस पोटात काही नाही त्याच्या. घरी पिल्लं वाट बघतायत. तो कामाला निघालाय, पोरी. राग नको, भूक दे मला."

भूक द्यायला मला दोन दिवस लागले. खोटी धाप ऐकणाऱ्याला कळते, असं बाबांचं म्हणणं. म्हणून प्रत्येक वेळी आधी इमारतीचे तिन्ही जिने धावत चढायचे, धावत उतरायचे आणि तसंच माईकपुढे उभं राहायचं. मी म्हटलं, "तुम्ही बसा, तुमची धाप मी करते." ते एकसष्ट वर्षांचे होते. म्हणाले, "लांडगाही तूच, हरीणही तूच, मग पळणार कुणापासून?" आणि माझ्याआधी जिन्याला लागले. छापखान्यातले लोक दारात येऊन बघायचे. त्यांना वाटत असेल, बापलेकीचं रोजचं भांडण आहे.

दहा वेळा केलं. अकराव्यांदा सगळं जुळून आलं. दोन माईक, दोन वेगळ्या टेप. माझा माईक पुढे, त्यांचा माझ्या पाठीमागे. खोलीत अंधार, पडद्यावर ते करडं माळरान. मला पडद्यावर फक्त हरणाची पाठ दिसत होती आणि मागून बाबांची धाप ऐकू येत होती, जीव मुठीत घेऊन पळणाऱ्याची धाप. मी खरंच भुकेली झाले होते. नदी दिसायला लागली, आणि मागून एक शब्द आला. माझ्याच धापेत अर्धा बुडालेला. शेवट तेवढा ऐकू आला, '...आंब'.

लांब. मी दोन पावलं मागे झाले आणि धावत राहिले. चार सेकंदांनी लांडगा काठावर थांबला, तेव्हा मीही थांबले. लाल दिवा गेला.

बाबा खडीच्या चौकटीवर बसले होते. कपाळावरून घाम गळत होता. मी म्हटलं, "लाल दिव्यात बोललात, मास्तर. दंड." ते हसले, नुसता हात वर केला. जंगलवाला उकिडवा बसल्या जागेवरून उठला. "शेवटी ते हरीण जे फुरफुरलं ना, ते कुठून काढलंत?"

बाबांना उत्तर द्यायला जरा वेळ लागला. "हरणाला विचारा," ते म्हणाले.

तो आमच्या घरातला आवडता किस्सा झाला. मास्तरांनी जन्मभर पाळलेला नियम एकदाच मोडला, तोही लेकीला माईकपासून लांब करायला. मरायला टेकलेलं हरीण लांडग्याला शिकवतंय, असं म्हणून मी हसायचे, आणि बाबाही हसायचे. सात महिन्यांनी ते गेले. भेटायला आलेल्यांनाही मी हाच किस्सा सांगितला, रडत आणि हसत. नंतर केव्हातरी आई म्हणाली की डॉक्टरांनी वर्षभर आधीच जिने चढायला मनाई केली होती, आणि मला सांगू नको अशी बाबांनी तिला शपथ घातली होती. मला दोघांचाही राग आला. पण त्या जिन्यांचा आणि त्या शब्दाचा संबंध मी जोडला नाही. तो शब्द मला लाडका होता.

एकतीस वर्षांनी, या वर्षी, एक फोन आला. जुना सिनेमा स्वच्छ करून पुन्हा दाखवणार होते. आवाजाचं काम बघणारी इंजिनीअर बोलत होती. "मॅडम, सिनेमातला एकत्र केलेला आवाज खराब झालाय. हरणाची वेगळी टेप उत्तम आहे. लांडग्याची मात्र ओल लागून चिकटलीय, एक सेकंदही निघत नाही. तुम्ही पुन्हा कराल का?"

"नाही केला तर?"

"तर दोन्ही प्राण्यांचे तयार आवाज घालू. जुनं हरीण आणि कॉम्प्युटरमधला लांडगा एकत्र नांदत नाहीत. मी करून बघितलं."

म्हणजे मी लांडगा करू शकले नाही तर बाबांचं हरीणही जाणार होतं. जगात त्यांचा तेवढाच आवाज उरला होता, चार मिनिटं दहा सेकंद. माझे गुडघे जिना बघूनच कुरकुरतात, पण मी म्हटलं, "येते."

खोली तिसऱ्या मजल्यावर होती, उजेडाची, धुतल्यासारखी. वाळूची चौकट होती, पण वाळू चाळून भरलेली. मी बोटांनी थोडी चाचपली. इंजिनीअर माझ्या लेकीच्या वयाची, केस पेन्सिलीने बांधलेले. तिने मला हेडफोन दिले. "आधी नुसतं हरीण ऐका."

नुसतं हरीण मी कधीच ऐकलं नव्हतं. सिनेमात त्याच्यामागे नेहमी मी असायचे. आता मी नव्हते. बाबा एकटेच पळत होते. जिन्यांवरची धाप, नाकातली ती बारीक शिट्टी जी झोपेतही यायची, आणि मध्ये एकदा गिळलेला आवंढा. मी डोळे मिटून घेतले. ते खोलीत होते.

इंजिनीअरने टेप थांबवली. "इथे माणसाचं बोलणं आलंय. कुणीतरी 'थांब' म्हणतंय. काढून टाकू ना?"

"लांब," मी म्हटलं. "ते 'लांब' आहे. आमच्या कामातला शब्द आहे."

तिने पुन्हा लावलं. मग मी न सांगताच तिने तिसऱ्यांदा लावलं. तिसऱ्यांदा ती माझ्याकडे बघत नव्हती.

थांब.

सुरुवातीचा 'थ' माझ्या धापेने खाल्ला होता, एवढंच. बाबा मला माईकपासून मागे सारत नव्हते. त्यांना पुढे जाता येत नव्हतं, आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा लाल दिव्यात तोंड उघडून मला थांबायला सांगितलं होतं. मी थांबले नाही. मी दोन पावलं मागे होऊन त्यांच्या पाठी लागूनच राहिले, आणि ते आणखी चार सेकंद पळाले, कारण मी पळत होते. नंतर मी त्याचा विनोद केला. तो त्यांच्यासमोर शंभर वेळा सांगितला, आणि प्रत्येक वेळी ते हसले. एकदाही म्हणाले नाहीत, अगं, चुकीचं ऐकलंस. मला इतकी लाज वाटली की हेडफोन काढायचंही सुचेना.

"मॅडम, पाणी देऊ?"

"नको. आधी लांडगा करून घेऊ."

तीन मजले झेपणार नव्हते. मी दीड मजला केला, कठडा धरून. पण अठ्ठावन्नाव्या वर्षी दीड मजला पुरतो. माईकपुढे येऊन उभी राहिले तेव्हा छाती भात्यासारखी हलत होती. इंजिनीअरने बोट वर केलं आणि काचेवरचा लाल दिवा लागला.

हेडफोनमध्ये बाबा पळायला लागले. पडद्यावर तेच माळरान, तोच व्रण. मी राग आणला नाही. भूक आणायची गरज पडली नाही, ती होतीच. एकतीस वर्षं हा आवाज माझ्या धापेखाली दबला होता आणि आता तो माझ्या पुढे पळत होता, मला तो सोडवत नव्हता. एक लांडगा मागे पडला, दुसरा पडला. तिसरा बसलाच. मी त्यांच्या श्वासाशी श्वास जुळवून पळत राहिले. गुडघे गेले कुठे ते कळलं नाही. नदी दिसायला लागली.

थांब, बाबा म्हणाले.

मी थांबले. तोंड उघडं, श्वास धरलेला. लाल दिवा चालू होता, टेप फिरत होती, पडद्यावर लांडगा अजून धावत होता आणि मी हललेसुद्धा नाही. कानात बाबा पळत राहिले. मग पाणी वाजलं.

दिवा गेला. इंजिनीअर काचेमागून आत आली, पेन्सिल हातात, केस सुटलेले. ती काम जाणणारी मुलगी होती. आधी चूक दाखवली. "चार सेकंद लवकर थांबलात, मावशी. बाकी इतकं छान झालंय. शेवट तेवढा पुन्हा घेऊ या?"

"नको," मी म्हटलं. "ते थांब म्हणाले ना."

ती परत काचेमागे गेली, दोन्ही आवाज एकत्र लावले आणि शेवटचा तुकडा मला बाहेर मोठ्याने ऐकवला. मी वाळूच्या चौकटीवर बसून ऐकलं. माझी धाप आली आणि तुटली, आणि पाण्यात शिरण्याआधी चार सेकंद त्या हरणाच्या मागे कुणीच नव्हतं.