विहिरीकडे टोक असलेला त्रिकोण

नासपतीचं लाकूड दमट हवेत फुगतं. आमच्या दुकानात ते किती फुगतं, हे मी मोजलं आहे. कोरलेला ठसा आणि शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, एकाच चौकटीत बसवायचे, वर पोलादी पट्टी आडवी ठेवायची आणि फटीत कागदाचे तुकडे सरकवून पाहायचे. भरतीचं पाणी चौकात चढतं, त्या दिवसांत ठसा खिळ्यांपेक्षा एका कागदाने उंच असतो. ईशान्येचा कोरडा बोरा वारा सुटला की तोच ठसा तीन दिवसांत दोन कागदांनी खाली बसतो. आणि खिळ्यांपेक्षा एक कागद जरी खाली असला, तरी आकृतीतली एक रेष उठते, दुसरी उठतच नाही. मग बुडाशी कागद चिकटवून ठसा वर आणावा लागतो.

त्या वर्षी कार्निव्हलच्या आठवड्यात बोरा सुटला होता. मी ठशाखाली कागद लावण्यात इतकी गढले होते, की त्याहून कितीतरी मोठी गोष्ट माझ्या नजरेतून निसटली.

व्हेनिसमध्ये, सान पोलोच्या बाजूला, बोर्तोलोच्या छापखान्यात मी ठसे कोरत असे. काम मूळचं माझ्या वडिलांचं. त्यांची नजर अधू झाली तशी कोरणी माझ्या हातात आली. त्या आठवड्यातला ठसा मात्र नेहमीच्या संतांचा नव्हता की वेलबुट्टीचा नव्हता. तो होता बार्बा लुनार्दोंचा त्रिकोण.

बार्बा म्हणजे काका. लुनार्दो साऱ्या चौकाचे बार्बा होते. वय अठ्ठ्याहत्तर. पन्नास वर्षं त्यांनी व्यापाऱ्यांच्या पोरांना हिशेब आणि मोजणी शिकवली. क्रीटहून पळून आलेल्या एका ग्रीक गुरूकडून ते जुनी भूमिती शिकले होते. त्या भूमितीवर त्यांनी लॅटिन न येणाऱ्यांनाही कळेल असं एक पुस्तक आपल्या साध्या बोलीत लिहिलं होतं. हजार वर्षं झाकून पडलेलं ज्ञान कालवे मोजणाऱ्या माणसाच्या हातात यावं, अशी त्यांची इच्छा होती. पुस्तक पुरं होऊन अठरा वर्षं झाली होती. "एकदा तपासतो आणि देतो," असं ते दर वर्षी म्हणत आणि दर वर्षी तपासत. प्रत एकच होती आणि ती त्यांच्या तळमजल्यावरच्या खोलीत एका पेटीत असे. मागच्या नोव्हेंबरात पाणी चढलं तेव्हा पेटी बुडाकडून चार बोटं भिजली आणि शेवटच्या सोळा पानांची शाई पसरली.

ते ऐकून बोर्तोलो त्यांच्याकडे धावतच गेला. परत आला तो हसत आणि डोकं खाजवत.

"एकच पान देतायत," तो म्हणाला. "कालव्याची रुंदी पलीकडे न जाता कशी मोजायची, ते. छापून दाराला लावायचं. चार दिवसांत त्यात एकही चूक निघाली नाही, तर उरलेलं पुस्तक आपलं. एक जरी निघाली, तरी पान पेटीत परत आणि विषय बंद."

"आणि तू कबूल झालास?"

"न होऊन सांगतो कुणाला? त्यांच्यापुढे मी अजून अकरा वर्षांचाच आहे."

छापलेलं पहिलं पान दाराला लावायचा रिवाज आमच्या दुकानाचाच होता. येणारा-जाणारा वाचे. चूक दाखवणाऱ्याला बोर्तोलोची बायको एक फ्रितोला देई, बेदाणे घालून तळलेली, वर साखर भुरभुरलेली. कार्निव्हलच्या दिवसांत आमच्या दारात जेवढे विद्वान जमत, तेवढे पादुआच्या विद्यापीठातही नसतील.

मला ते पुस्तक छापलं जायला हवं होतं. खरं सांगायचं तर इतकं की, दुसरं काही सुचत नव्हतं. बार्बांच्या वर्गाच्या खिडकीबाहेर उभी राहून मी भूमिती शिकले होते. मुलींना आत घेत नसत, पण खिडकी त्यांनी कधी लावली नाही. आणि त्यांच्या त्या भिजलेल्या पेटीकडे पाहिलं की आणखी एका नोव्हेंबरचं पाणी मला डोळ्यांसमोर दिसे.

एरवी आमचं काम असं चालतं: चित्राचा कागद ठोकळ्यावर पालथा चिकटवायचा आणि रेषांवरून कोरायचं. चित्र आपोआप उलटं कोरलं जातं आणि छापल्यावर सुलटं उठतं. पण यात कागद जातो. बार्बा आपला कागद देईनात. "चिकटवणार? माझी आकृती?" म्हणून त्यांनी तो छातीशी धरला. तेव्हा मी त्यांच्याच घरी बसून कंपासने एकेक लांबी मोजली आणि ठोकळ्यावर नवी आकृती काढली. लांबी चुकू नये म्हणून प्रत्येक रेष तीनदा मोजली. अक्षरं मात्र सवयीने उलटी कोरली. रोमन लिपीतला ए तर उलटा काय, सुलटा काय, सारखाच. पुढे बोरा सुटला, ठसा खाली बसला आणि दोन दिवस मी कागद लावत राहिले.

पान सुंदर उठलं. प्रत्येक रेष सारखी काळी. गुरुवारी सकाळी ते दाराला लागलं.

पहिले तीन दिवस गर्दीच गर्दी. एका वकिलाने स्वल्पविरामावरून वाद घातला आणि हरला. मुखवटा घातलेल्या एकाने आल्याआल्या फ्रितोलाच मागितली, चूक कुठली म्हणून विचारलं तर म्हणाला, "आधी खातो, मग दाखवतो." चूक काही निघाली नाही. बोर्तोलो शीळ घालत दुकानभर फिरू लागला.

चौथ्या दिवशी, रविवारी, प्रार्थना संपल्यावर मासळीवाली मेनेगा दाराशी थांबली. तिला एक अक्षर वाचता येत नाही. टोपली कमरेवर ठेवून तिने पानाकडे पाहिलं, मान तिरपी केली, पुन्हा पाहिलं.

"अरे बोर्तोलो, हा बार्बांचा त्रिकोण ना?"

"त्यांचाच. का गं?"

"मग पालथा कशाला घातलायस?"

"पालथा कुठे? सरळ तर आहे. तुला काय कळतंय त्यातलं, बांगडे वीक जा."

"मला कळत नाही?" मेनेगाने टोपली खाली ठेवली. "दर वसंतात बार्बा इथे चौकातल्या फरशीवर खडूने हा त्रिकोण काढतात. पोरं ओरडतात, 'मेनेगा, रेषेवर पाय देऊ नकोस!' वीस वर्षं मी याला वळसा घालून जातेय. विहीर आपल्या उजव्या हाताला आणि याचं टोक विहिरीकडे. इथे ते चर्चकडे आहे."

मी हातातली कोरणी खाली ठेवली. बाहेर येऊन पाहिलं. पाहायला एक क्षणही लागला नाही. ठोकळ्यावर मी आकृती जशी डोळ्यांना दिसली तशीच काढली होती. म्हणून छापल्यावर ती आरशातल्यासारखी फिरली होती. अक्षरं तेवढी सुलटी.

बोर्तोलोने माझ्याकडे पाहिलं, मग पानाकडे, मग मेनेगाकडे. आवाज अगदी लोण्यासारखा मऊ करून तो म्हणाला, "मेनेगा, दोन फ्रितोला घे आणि संध्याकाळपर्यंत तोंड बंद ठेव."

"तीन."

"बरं, तीन."

"आणि एक माझ्या सासूला."

"अगं, तुझ्या सासूला दात नाहीत!"

"चोखेल."

सौदा ठरतो न ठरतो तोच पुलावरून बार्बा लुनार्दो येताना दिसले. काठी, काळी टोपी, खांद्यावर कातड्याची पिशवी. शेवटच्या दिवशी ते स्वतः पाहायला येणार हे आम्हांला ठाऊक होतं. म्हाताऱ्याची नजर हल्ली मंद झाली होती. बोर्तोलोने मला खुणेने सांगितलं, गप्प राहा. खरंच, गप्प राहिले असते तर निभावलंही असतं.

पण ज्या माणसाने पन्नास वर्षं चुकीला चूक म्हणायला शिकवलं, त्याच्याच पुस्तकाची सुरुवात लपवाछपवीने करायची, हे मला जमेना.

"बार्बा," मी म्हणाले, "आकृती उलटी उठली आहे. चूक माझी. मी ठोकळ्यावर ती फिरवून काढायला हवी होती."

बोर्तोलोने कपाळावर हात मारून घेतला. मेनेगा म्हणाली, "माझ्या तीन गेल्या."

बार्बा पानाला नाक लागेल इतके जवळ गेले. त्यांनी पिशवीतून कंपास काढला.

"लांबी एकही बदललेली नाही," मी म्हणाले. "कोनही तेच आहेत. अक्षरंही ज्या त्या कोपऱ्याला आहेत. फक्त डावं-उजवं बदललंय. सिद्धता तशीच लागू पडायला हवी."

"हवी म्हणजे काय, पोरी? पडते की नाही ते बघू." त्यांनी कंपासने दोन-तीन लांब्या तपासल्या आणि मान हलवली. मग मजकुराच्या पहिल्या ओळीवर डाव्या हाताचं बोट ठेवलं, उजव्या हाताचं आकृतीवर आणि मोठ्याने वाचू लागले, वर्गात वाचत तसे. "पलीकडच्या काठावर सी ही खूण धरा. अलीकडच्या काठाने ए पासून बी पर्यंत दोरी ताणा. आता ए-बी ही रेष उजवीकडे वाढवा, सी च्या अगदी समोर येईपर्यंत..."

त्यांचं उजवं बोट ए-बी वरून उजवीकडे निघालं. आकृतीच्या बाहेर पडलं. समासातून गेलं. कागद संपला, बोट दाराच्या चौकटीवर आलं आणि तिथे थांबलं. सी बोटाच्या मागे, पार डावीकडे राहिला होता.

वाऱ्याने पानाचा खालचा कोपरा फडफडत होता.

बार्बांनी बोट पुन्हा ए वर आणलं आणि पुन्हा निघाले. पुन्हा दाराची चौकट.

"आकृती बरोबर आहे," ते सावकाश म्हणाले. "माझं वाक्य चूक आहे."

"तुमचं?" मी विचारलं.

"मी आयुष्यभर हा त्रिकोण एकाच अंगाला काढला. टोक विहिरीकडे. म्हणून मला 'उजवीकडे' लिहावंसं वाटलं. भूमितीला कुठलं आलंय डावं-उजवं! 'ए कडून बी च्या दिशेने वाढवा' एवढंच हवं होतं, मग टोक कुठेही असो." ते माझ्याकडे वळले. "अठरा वर्षं हे वाक्य मी दर हिवाळ्यात तपासलं. पण आकृती समोर ठेवून तपासलं ना. ती आपली दर वेळी हो म्हणायची."

तेवढ्यात बोर्तोलोच्या तोंडून असा काही आवाज निघाला, की मला वाटलं त्याला ठसका लागला.

"उजवीकडे!" तो ओरडला. "बार्बा, उजवीकडे! आठवतंय? मी अकरा वर्षांचा होतो. तुम्ही आम्हांला दोऱ्या देऊन कालव्यावर नेलंत. प्रत्येकाला पलीकडची एकेक खूण दिलीत. माझी खूण होती रंगाऱ्याचं निळं दार, आणि ते होतं डावीकडे. मी म्हटलं, मास्तर, जमत नाही. तुम्ही म्हणालात, नियमाने चाल. मी नियमाने चाललो. उजवीकडे, दोरीवर डोळे ठेवून."

"आणि?" मेनेगाने विचारलं. तिला ठाऊक होतं. साऱ्या चौकाला ठाऊक होतं. दर कार्निव्हलला तो ती गोष्ट सांगे. पण पुन्हा ऐकायची तिची तयारी होती.

"आणि आडव्या कालव्यात पडलो! फेब्रुवारीत! आकडीने ओढून मला बाहेर काढलं आणि वर हे म्हणाले, 'गाढवा, भूमिती चुकत नाही, तू चुकतोस.' त्याच दिवशी घरच्यांनी मला शाळेतून काढलं आणि छापखान्यात घातलं."

बार्बा काठीवर भार देऊन उभे होते. त्यांच्या मिशा हलल्या. आधी मला वाटलं त्यांना वाईट वाटलं असावं. मग दिसलं की ते हसू दाबत होते, आणि मग त्यांनी ते दाबायचं सोडून दिलं. खोकला येईपर्यंत हसले. मी त्यांना स्टूल आणून दिलं.

"बोर्तोलो," डोळे पुसत ते म्हणाले, "तू गाढव नव्हतास."

"हे लिहून द्या. मी मोठ्या खिळ्यांत छापतो."

आतून फ्रितोलांची परात आली. पहिली मेनेगाला मिळाली आणि दुसरी तिच्या सासूच्या नावाने रुमालात गेली. बार्बांनीही एक घेतली आणि साखर सांडू नये म्हणून तिच्याखाली तळहात धरून खात राहिले.

बोर्तोलोचा चेहरा मात्र हळूहळू उतरला. त्याला अट आठवली असावी. मलाही आठवली होती. एक चूक निघाली तर पान पेटीत परत. इथे तर दोन निघाल्या होत्या. मी दाराकडे गेले आणि पानाचे वरचे दोन खिळे उपसून ते उतरवू लागले.

"कशाला काढतेस?" बार्बा म्हणाले.

"तुमची अट होती."

"हो. माझीच." त्यांनी बोटांवरची साखर झटकली. "उरलेल्या पुस्तकात अशी 'उजवीकडे' आणखी किती असतील गं?"

"ते इथे दाराला लावल्याशिवाय कळणार नाही, बार्बा."

"एकट्याला तर नाहीच कळलं." ते चौकाकडे वळले. फरशीवर अजून खडू नव्हता. वसंताला अवकाश होता. तरी मेनेगा टोपली उचलून निघाली ती सवयीने चौकाच्या मधल्या जागेला वळसा घालूनच. बार्बांची नजर तिच्यामागे विहिरीपर्यंत गेली आणि परत आली. मग त्यांनी पिशवीत हात घातला, पेटीची किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली. किल्लीला गंज चढला होता.

"आकृत्या चिकटव, काप, तुला हवं ते कर," ते म्हणाले. "मी तपासणं थांबवलं. छापा."