उघडं मेज

प्रभुभोजनाच्या मेजावरचं कापड धुण्याचा मान बावीस वर्षं नाम्वालेबाईंकडे होता. शनिवारी सकाळी ओढ्यावर धुवायचं, कसाव्याची खळ द्यायची, कोळशाच्या इस्त्रीने असं कडक करायचं की घडी मोडताना आवाज यावा. महिला मंडळाचं पांढरं पोलकं न मिळालेल्या बाईने त्याला बोट लावायचं नाही. आणि पापाची शिक्षा म्हणून मागच्या बाकावर बसवलेल्या माणसाने तर नाहीच नाही.

त्या शनिवारी नेमकी ओढ्यावर ताकोंद्वा आली. वीस वर्षांची, सातवा महिना, लग्न नाही. तिला मागच्या बाकावर बसवणारी तक्रार नाम्वालेबाईंचीच.

"पिळू लागू का, मावशी?"

"लांब हो. बाटेल."

ताकोंद्वा हसली. ते हसू चांगलं नव्हतं. "माझ्या हाताने बाटतं. आणि उद्या मंडळीचे वडीलधारे कचिंग्वे ह्याच कापडावरून प्याले उचलून वाटतील, तेव्हा?"

"जीभ सांभाळ, पोरी!"

"सांभाळलीच की चार महिने. आई त्यांच्या गिरणीत राबते. मी नाव घेतलं असतं तर आमची चूल विझली असती. पण तुम्ही तरी विचारलंत का, बाप कोण म्हणून?"

बाईंचे हात पाण्यातच राहिले. रीत होती, अशा तक्रारीच्या बैठकीत बापाचं नाव तीनदा विचारायचं. त्या दिवशी मंडळीतला वडीलधारा म्हणून कचिंग्वेच उठून बोलला होता, "नाव कशाला? पोरीची अब्रू झाकू या." केवढ्या मोठ्या मनाचा माणूस, असं नाम्वालेबाई आठवडाभर सांगत हिंडल्या होत्या. मूर्ख बाई! त्याने झाकली स्वतःची अब्रू, आणि पांघरूण धरलं आपण.

ओलं कापड खांद्यावर टाकून त्या तडक पाळकसाहेबांच्या दारात गेल्या.

"पुरावा काय?" सगळं ऐकून पाळकसाहेब म्हणाले. "उद्याचं भोजन होऊ द्या, मग बघू. मंडळीत गडबड नको."

"गडबड झालीच आहे, साहेब. मी बावीस वर्षं कापडावरचे डाग शोधत बसले, आणि वाढणाऱ्याच्या हाताकडे पाहिलं नाही."

"पोलकं काढून घेतील तुमचं."

"घेऊ देत. सुताचंच आहे ते."

रविवारी चर्च खच्चून भरलं. भाकर आणली, प्याले आणले, पण मेज उघडंच. वाळवीने खाल्लेला त्याचा पाय सगळ्यांना दिसत होता. नाम्वालेबाई घडी छातीशी धरून मेजासमोर उभ्या राहिल्या.

"रीत अर्धी राहिली होती, ती पुरी करते. कचिंग्वे, ताकोंद्वाच्या लेकराचा बाप कोण?"

कचिंग्वे हसला. "बाईंना ऊन लागलंय." दोनचार जण खिदळले.

"दुसऱ्यांदा विचारते."

"बाहेर काढा हिला! कपडे धुणारी बाई मला विचारणार?"

कुणी हललं नाही.

"तिसऱ्यांदा. ही भाकर समोर आहे. बाप कोण?"

गिरणीत तो ताकोंद्वाशी खोटं बोलला होता, बैठकीत तर सफाईने बोलला होता. पण भाकरीकडे बघता बघता त्याची मान खाली गेली. हातातलं प्याल्यांचं तबक त्याने पाळकसाहेबांकडे दिलं, कोट सारखा केला आणि मधल्या वाटेने चालत जाऊन मागच्या बाकावर बसला. त्यानेच ठरवलेल्या जागेवर. ताकोंद्वा तत्क्षणी उठली. त्याच्या शेजारी ती बसणार नव्हती.

"आता तरी घाला कापड," पाळकसाहेब पुटपुटले.

"एकटी नाही घालणार. ताकोंद्वा, पुढे ये. हात धुतलेस?"

"धुतले, मावशी."

"मग धर ते टोक. बाटवलं होतं ते मी."

घडी मोडली. तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला.