बटणांच्या डब्यातल्या चिठ्ठ्या

मंडळीत मला सगळे ‘इंजिन’ म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू? आमचे पाळकसाहेब पाहुण्यांशी ओळख करून देताना म्हणतात, “या आमच्या इंजिनबाई. या थांबल्या की चर्च थांबलं.” मी आपली मान खाली घालून नम्र चेहरा करते. आतून मात्र फुगलेली असते.

आणि काय नाही हो माझ्याकडे? भाड्याच्या खुर्च्या माझ्याकडे, फुलं माझ्याकडे, आजाऱ्यांचे डबे माझ्याकडे. शिवाय घरी शिवणकाम. पुढच्या खोलीत दोन मशिनं, इस्त्रीचं टेबल आणि गिऱ्हाइकांसाठी एक खुर्ची. त्यात आता चर्चच्या वर्धापनदिनासाठी गायनवृंदाचे सव्वीस पांढरे गाऊन, तेही रविवारपर्यंत! कापड हातात कधी पडलं, तर दहा दिवस आधी. ते आणणाऱ्या माणसाला मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

चिठ्ठ्यांची पेटीही माझ्याकडेच. चर्चच्या दाराशी एक लाकडी पेटी आहे. ज्याला आपलं दुःख तोंडाने सांगवत नाही, तो चिठ्ठी लिहून तिच्यात टाकतो. नाव लिहिलं नाही तरी चालतं. दर रविवारी उपासनेनंतर मी पेटी उघडायची, चिठ्ठ्या घरी न्यायच्या, आठवडाभर रोज सकाळी साडेपाचला एकेक हातात घेऊन प्रार्थना करायची आणि पुढच्या रविवारी फाडून टाकायच्या. दुसऱ्या कोणी वाचायच्या नाहीत. सहा वर्षांपूर्वी हे काम मी स्वतः मागून घेतलं होतं. पाच वर्षं केलंही, अगदी मनापासून. गुडघे बोंबलायचे तरी चटईवर टेकवायचे.

मग या वर्षी एकदा घाईघाईत चिठ्ठ्या बटणांच्या डब्यात टाकल्या, उद्या बघू म्हणून. पुढच्या रविवारी त्यांच्यावर आणखी पडल्या. साडेपाचला मी आजही उठते. दिवा लावते आणि हाताने काजं करायला बसते, कारण त्या वेळी मशीन चालवलं तर सगळी बिल्डिंग जागी होते.

आणि तरी दर रविवारी सगळ्यांसमोर उभी राहून मी सांगते, “मागच्या आठवड्याच्या सगळ्या चिठ्ठ्यांसाठी प्रार्थना झाली आहे.” मंडळी म्हणते, “आमेन.” पहिल्यांदा हे खोटं बोलले तेव्हा कानशिलं तापली होती. नंतर तेही बंद झालं.

बुधवारी दुपारी धाकटी गाऊनच्या मापाला आली. धाकटी म्हणजे माझी जाऊ, आमच्याच वरच्या मजल्यावर राहते. दीर लांब पल्ल्याचा ट्रक चालवतात, महिना महिना घरी नसतात. धाकटी इतकी अबोल, की दहा वर्षांत तिचा आवाज मी बोलण्यापेक्षा गाण्यातच जास्त ऐकलाय.

“हात वर कर,” मी म्हटलं. तिने उजवा केला, डावा अर्धाच. “अगं, नीट कर की! अजून चौदा गाऊन कापायचेत मला.”

“डावीकडे जरा सैल ठेवाल, ताई?”

“गाऊन शिवतेय मी, तंबू नाही,” असं म्हणून मी टेप ओढून घेतली. तिने ओठ चावला. माझं लक्ष आकड्याकडे होतं.

मग ती एकदम म्हणाली, “उद्या अकराला रिपोर्ट मिळणार आहे. तुम्ही माझ्यासाठी किती दिवस गप्प राहणार? आता मीच बोलते.”

मी टेप हातात धरून उभी. कसला रिपोर्ट?

“तुम्ही एका शब्दाने विचारलं नाहीत. कधी बिचारं तोंड करून बघितलं नाहीत. दुसरी कोणी असती तर आतापर्यंत बिल्डिंगभर झालं असतं.” तिचे डोळे भरून आले होते. “रोज पहाटे तुमच्या खिडकीचा उजेड समोरच्या भिंतीवर पडतो ना, तेव्हा मीही उठून बसते. रोज करता ना तुम्ही प्रार्थना?”

“हो गं,” मी म्हटलं. “रोज.”

तिच्या तोंडावर म्हटलं. डोळ्याला डोळा भिडवून. ती माझा हात दाबून वर गेली.

मी दाराला कडी घातली आणि बटणांचा डबा टेबलावर उपडा केला. बटणं घरंगळत खाली गेली. चिठ्ठ्या चाळीसच्या वर निघाल्या, एकीचीही घडी मोडलेली नव्हती. धाकटीचं गोल गोल अक्षर मी कुठेही ओळखेन. घडीच्या बाहेर ‘प्रार्थनेसाठी’ असं त्या अक्षरात लिहिलेल्या तीन निघाल्या.

पहिलीत होतं: “छातीत डाव्या बाजूला गाठ लागतेय. ह्यांना सांगितलेलं नाही, काळजीत गाडी चालवतील. उघडणारीला माझं अक्षर कळेल. तिने मला काही विचारू नये. विचारलं तर मी कोसळेन. फक्त प्रार्थना करावी.”

दुसरीत: “सुई घालून तपासणी झाली. ताईंनी काही विचारलं नाही, देवा, तुझे आभार. दारात गुपचूप संत्री ठेवून गेल्या. मला कळलं.”

संत्री! ती पिशवी मी गायनवृंदासाठी आणली होती. हातात फुलं होती म्हणून तिच्या दाराशी टेकवली आणि तिथेच विसरले. वर सरावाच्या वेळी हार्मोनियमवाल्यावर डाफरले होते, तूच फस्त केलीस म्हणून. बिचारा शपथा घेत होता.

तिसरीत एवढंच होतं: “गुरुवारी रिपोर्ट. काहीही निघो. रोज कोणीतरी माझं नाव तुझ्यापुढे घेतंय, त्या आधारावर मी उभी आहे.”

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. मी नुसती विसरले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण माझ्या विसरण्याला ती माझा चांगुलपणा समजून बसली होती, आणि मी तो चांगुलपणा मुकाट्याने अंगाला लावून घेतला होता. देवाच्या घरच्या खुर्च्या मोजत होते मी. त्या घरात देव आहे, हेच मी विसरले होते. मला माझी शिसारी आली.

तेवढ्यात फोन वाजला. पाळकसाहेब. “इंजिनबाई, गाऊन कुठवर आले?”

“कापलेले बाराच होतील,” मी म्हटलं. “आणि साहेब, रविवारी मी उभी राहून चिठ्ठ्यांबद्दल खरं सांगणार आहे. प्रार्थना झालेली नाही. कित्येक महिने झालेली नाही.”

“अहो, चिठ्ठ्यांचं आपण नंतर निवांत बघू,” ते घाबरून म्हणाले. “आधी गाऊनचं बोला. पाहुणे यायचेत!”

मी फोन ठेवून दिला. त्यांना काय बोलणार? कालपर्यंत मीही तेच बोलले असते.

मी जिना चढायला लागले. तिच्या दारापर्यंत बावीस पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक पायरीवर मला परत फिरावंसं वाटलं. कशाला सांगायचं? उद्या रिपोर्ट, आज तिचा आधार काढून घ्यायचा? असंही मनात आलं, आणि ते खोटं नव्हतं. पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण म्हणजे मला तिच्या नजरेतून उतरायचं नव्हतं.

ती पलंगावर बसून दवाखान्याचे कागद फायलीत लावत होती.

“धाकटे,” मी दारातूनच म्हटलं, “मी एकदाही प्रार्थना केलेली नाही. तुझ्या चिठ्ठ्या आत्ता उघडल्या. मघाशी तुझ्याशी खोटं बोलले.”

तिचे हात थांबले. “आणि दिवा?”

“काजं करत होते.”

“आणि संत्री?”

“गायनवृंदाची होती. विसरले होते.”

तोवर ती धीर धरून होती. संत्र्यांचं ऐकलं आणि तिचा चेहरा पडला. “एवढं तरी सांगायचं नव्हतंत, ताई,” ती म्हणाली. मग फाईल मिटून म्हणाली, “म्हणजे मी रोज एकटीच बसत होते.”

देव होता गं सोबत, असं म्हणायला तोंड पाहिजे ना! तिने माझ्याकडे न बघता म्हटलं, “तुम्ही जा आता.” मी गेले.

रात्री जेवताना आमच्या ह्यांनी विचारलं, बरं नाही का म्हणून. मी म्हटलं, बरी आहे, आणि ताटावरून उठले.

गुरुवारी साडेपाचला दिवा लावला. गाऊनचा गठ्ठा उचलून कोपऱ्यात ठेवला, चटई अंथरली, चिठ्ठ्या परत भरलेला डबा पुढ्यात घेतला. तेवढ्यात दार वाजलं. धाकटी. अंगावर शाल, काखेत फाईल, रडून डोळे सुजलेले.

“मी बघायला आलेय,” ती म्हणाली.

आत येऊन ती गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर ताठ बसली. “करा.”

लाज काय असते ते मला त्या क्षणी कळलं. व्यासपीठावरून पाचपाच मिनिटं न अडखळता प्रार्थना करणारी मी, आणि एक वाक्य जुळेना. “प्रभू,” म्हटलं आणि हात परत नीट जोडले. परत म्हटलं, “प्रभू, मी सगळ्यांसाठी वेळ काढला, तुझ्यासाठी नाही. हिला फसवलं, तुलाही फसवलं. मला क्षमा कर.” मग तिचं नाव घेतलं. गाठीचं नाव घेतलं. रिपोर्टचं, दिरांच्या गाडीचं, सगळं अडाण्यासारखं, तुटक तुटक बोलले. आमेन म्हटलं तेव्हा नाक पुसायलाही जवळ काही नव्हतं, कापडाचा तुकडा घेतला.

क्षमा केली असं ती म्हणाली नाही. वाकून तिने जमिनीवरची दोन बटणं उचलली, टेबलावर ठेवली आणि डब्याकडे बघितलं.

“या बाकीच्या कोणाच्या?”

“माहीत नाही. उघडलेल्या नाहीत.”

“तीही माणसं रोज उठून बसत असतील, ताई.”

मी डबा अजून जवळ ओढला.

“घ्या पुढची,” ती म्हणाली. फाईल मांडीवर ठेवून तिने डोळे मिटले. “मनात वाचा, मला सांगू नका. अकरापर्यंत वेळ आहे.”

मी पुढची चिठ्ठी उघडली.