बिनशपथेची बैठक

वलगावच्या भगवंत माळ्याची दारू सुटावी म्हणून सल्ला देणारे पुष्कळ होते, आणि त्यातले निम्मे भट्टीवरून परत येताना सल्ला देत. त्याची बायको सत्यवती मात्र सगळ्यांचं ऐकायची. झेंडूची पाटी घेऊन ती अमरावतीच्या बाजारात बसे, तिथंही गिऱ्हाइकाला हार देता देता विचारायची, "दारू सोडवनारं कोनी माहीत हाये का बाप्पा?" लाज तिनं केव्हाच गुंडाळून ठेवली होती. वैद्यानं भगवंताचं पोट दाबून पाहिलं होतं आणि बाहेर येऊन तिला स्पष्टच सांगितलं होतं, की हा आता थांबला नाही तर येती दिवाळी पाहायचा नाही.

नागपुरात प्रांताचं नवं मंत्रिमंडळ आलं होतं आणि दारूबंदीच्या सभांना ऊत आला होता. अमरावतीच्या अशाच एका सभेला ती त्याला ओढून घेऊन गेली. एका वकीलसाहेबांनी लांबलचक भाषण ठोकलं. त्यांनी जन्मात दारू हुंगली नव्हती, पण तिच्याविषयी माहिती फार. मग ताटात बेलभंडार आला. एकेकानं बेलाचं पान आणि हळद उचलायची आणि पोराबाळांची शपथ घ्यायची. ताट पुढ्यात येताच भगवंत उठला आणि चालू लागला. सगळा मांडव हसला. गावच्या भजनी मंडळातही तेच झालं. बुवांनी शपथ मागितली आणि हा पायताण तिथंच टाकून घरी आला.

"शपथ मोडताना नाई अडखळले, आता घ्याले काहून भेता?" सत्यवती म्हणाली. त्या विषयावर तो कधीच बोलत नसे.

त्यांची लेक वच्छी जिवंत होती तेव्हाची गोष्ट. सत्यवतीनंच त्याचा हात धरून लेकीच्या डोक्यावर ठेवला होता. "आता पेले तं हिचं बरंवाईट होईल, ध्यानात ठेवा." त्यानं शपथ घेतली. त्याच हिवाळ्यात पोरीला ताप भरला. सत्यवती वैद्याला आणायला धावली, आणि परत आली तेव्हा वच्छी बापाच्या मांडीवर गार पडली होती. शेजारी मोहाच्या दारूची बाटली होती आणि घरभर तिचा वास. भरल्या अंगणात सत्यवतीनं टाहो फोडला, "शपथ मोडली! लेक खाल्ली!" भगवंत खाली मान घालून बसून राहिला. तेव्हापासून त्याचं पिणं थांबलंच नाही.

शेवटी वाट दाखवली ती बाजारात शेजारी बसणाऱ्या रहिमाबी बांगडीवालीनं. तिचा भाऊ अब्दुल रहीम अकोल्यात पिंजारी होता. "लई पेत होता, बहन. आता जुम्म्याच्या दुपारी त्याच्या आंगनात त्याच्यासारखेच बसतात. हिंदू बी, मुसलमान बी."

"शपथ घ्या लागते का?"

"कसम-बिसम काई नाई. आपलं सांगाचं, दुसऱ्याचं ऐकाचं. बस."

बडनेऱ्याहून गाडी धरून तिघं अकोल्याला गेली. अंगणात पिंजायची धनुकली खुंटीला टांगलेली होती आणि काही माणसं पोत्यांवर बसली होती. रहिमाबी सत्यवतीला घेऊन बांबूच्या तट्ट्यामागं बसली.

"भाऊ, इथं कोनी शहाना नाई, सारे पेलेलेच," अब्दुल रहीम भगवंताला म्हणाला. "एक बोलला का दुसऱ्यानं मंधात बोलाचं नाई, एवढीच रीत."

कापसाच्या जिनातल्या एका हमालानं बायको सोडून गेल्याचं सांगितलं. एका शिंप्यानं हात कसे थरथरायचे ते सांगितलं. मग भगवंताचा आवाज आला. सत्यवतीनं तट्ट्याला कान लावला.

"पोरीची छाती दाटली होती," तो म्हणत होता. "शेजारची पार्बताबाई मने, मव्हाची दारू चोळ, ऊब येईन. मी बाटली आनली. चोळत राह्यलो, चोळत राह्यलो. एक थेंब तोंडात नाई घेतला, लेकीची आन. मांडीवरच गेली ते. घरचीनं बाटली पाह्यली अन् मले मने, शपथ मोडली. तिचा जीव जळत होता, तिले कोनावर तरी रागवाचं होतं. मी गप्प राह्यलो. मंग मले बी वाटाले लागलं, शपथ घेतलेल्या हातानं बाटली धरली, तेच पाप झालं. पोरीले माती देऊन आलो अन् चोळून उरलेली होती, ते पेलो."

तट्ट्यामागं सत्यवतीनं पदर तोंडात कोंबला होता. रहिमाबीनं तिचा हात धरला, पण तो सोडवून ती उठली आणि पुरुषांच्या बैठकीत येऊन उभी राहिली.

"मी पेत नाई," ती म्हणाली, "पन मले बी सांगाचं हाये."

अब्दुल रहीमनं मान डोलावली.

"पोरीले शेवटलं न्हाऊ मीच घातलं. तिच्या छातीले दारूचा वास येत होता. मले वाटलं, यायच्या, पोरीच्या बापाच्याच तोंडाचा लागला. मी घासून घासून धुतला, अन् यायले एक शब्द इचारला नाई."

रीतीप्रमाणे मधे कोणी बोललं नाही. भगवंत ओंजळीत तोंड घालून रडत होता. रडता रडताच तो पोत्यावर जरासा बाजूला सरकला, तिच्यापुरती जागा झाली. पण सत्यवती उभीच राहिली. बसायची तिची हिंमत झाली नाही.